उपाशी पट्ट्यांचा खुलासा

नानासाहेब हरकरे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा घाबरून मागच्या दाराने निघून गेलो होतो. मी चिमूरचा. बेचाळीस साली शाळेत होतो आणि त्या दिवसांत आमच्या आळीत खाकी कपड्यांतले पोलीस घराघरांत कसे शिरले, ते मी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे किती वर्षे गेली तरी दारात खाकी सदरा दिसला की माझे पाय आपोआप परसाकडे वळत. त्या दिवशी आलेले गृहस्थ खाकीत होते, हातात जाड कापडी पिशवी होती, आणि ते आईला विचारत होते, "पिदुरकर इथेच राहतात ना?" मी परसातून जाऊन विहिरीमागे बसलो. अर्ध्या तासाने आईनेच मला शोधून काढले. पिशवीत मातीची ढेकळे निघाली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला एक जण चिमुरात रिकामा बसला आहे असे कोणीतरी त्यांना सांगितले होते, आणि मदतनीस शोधत ते स्वतः आले होते. माझे पलायन त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. "पळता येतं हे बरं आहे," ते आईला म्हणाले, "आमच्या कामात पाय लागतात." दुसऱ्या आठवड्यात मी चामोर्शीला हजर झालो.

नानासाहेब यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या कार्याविषयी, तत्त्वांविषयी आणि स्वभावाविषयी लिहा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मला लिहिता येत नाही हे कारण नाही. कारण लेखाच्या ओघात येईलच. मंडळाला एवढीच विनंती आहे की जागा कमी पडली तर माझी स्तुतीची वाक्ये कापावीत, शेवटचा भाग कापू नये.

प्रथम त्यांचे कार्य. नानासाहेब वनखात्यात मातीचे रसायनतज्ज्ञ होते. आपल्या चांदा जिल्ह्यात सागवान तोडून पुन्हा सागवान लावायचे काम जोरात होते, आणि दुसऱ्या पिढीची झाडे पहिल्या पिढीइतकी जोमदार येत नाहीत अशी ओरड होती. धानाला अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट घातले की पीक वाढते हे लोक पाहत होते. मग जंगलालाही पोती ओता, असा आग्रह वरच्या वर्तुळात सुरू झाला. नानासाहेबांना त्याची काळजी वाटे. ते म्हणत, "जंगलाला आजवर कोणी खत घातलेलं नाही. ते आपलीच पानं खाऊन उभं आहे. आपण बाहेरून घातलेलं त्याला पचतं का, की पहिल्या पावसाळ्यात वैनगंगेत वाहून जातं, की माती आंबट करून जातं, हे आधी बघू द्या." बघायला त्यांनी चार वर्षे मागून घेतली. चामोर्शीपासून आठ मैलांवर आमटोला गावाच्या शिवेला लागून सागवानाचे आठ पट्टे आखले. चार पट्ट्यांना दरवर्षी खत द्यायचे, चारांना काहीच द्यायचे नाही, आणि दोन्हींची माती, झाडांचा घेर आणि गळलेली पाने मोजत राहायचे.

खत मिळालेल्या झाडांना पांढरा पट्टा रंगवला होता, न मिळालेल्यांना तांबडा. पण कामावरच्या माणसांनी पहिल्याच दिवशी आपली नावे ठेवली, "जेवलेले" आणि "उपाशी". नानासाहेबांना ती आवडली. नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात "उपाशी पट्टे : चार" असे लिहिले. ते पान आले की आजही मी ते घाईने उलटतो.

काम कंटाळवाणे होते आणि नानासाहेबांनी ते कधीही सोपे करून घेतले नाही. गिरमिटाने वीतभर, मग हातभर खोलीची माती काढायची. सावलीत वाळवायची, चाळायची, ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पिशवीत भरून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. चाळणीवर जे राहील, मग ती मुळी असो, खडा असो की किड्याचे कवच असो, ते वहीत लिहायचे. झाडांखाली बांबूची रुंद सुपे ठेवलेली असत. आठवड्यातून एकदा त्यांत पडलेली पाने तोलायची. एका आठवड्यात आम्ही दोघेही दमून पट्ट्याजवळच्या झोपडीत आडवे झालो आणि उठलो तेव्हा पाऊस येऊन सुपे भिजली होती. मी म्हटले, मागच्या आठवड्याइतकेच वजन धरू या, फरक कितीसा असणार. नानासाहेबांनी वही माझ्याकडून घेतली आणि त्या रकान्यात लिहिले, "वजन घेतले नाही. निरीक्षक झोपला होता." निरीक्षक म्हणजे ते स्वतः. ती वही पुढे तीन अधिकाऱ्यांनी तपासली आणि तिघांनीही त्या ओळीखाली प्रश्नचिन्ह काढले. नानासाहेबांनी ती ओळ कधी खोडली नाही.

त्यांच्या मायेचा एकच प्रसंग सांगतो, कारण त्यावरून बाकीचे समजेल. दुसऱ्या वर्षी ऐन नमुने काढायच्या दिवसांत मला हिवतापाने गाठले. आमटोल्याहून चामोर्शीला नेण्यासाठी एकच खासर मिळाले, आणि त्या बैलगाडीत त्या हंगामाच्या मातीच्या पिशव्या भरलेल्या होत्या. मी आणि पिशव्या दोन्ही मावत नव्हते. नानासाहेबांनी पिशव्या उतरवून मोहाच्या झाडाखाली ठेवल्या, मला गाडीत निजवले आणि स्वतः आठ मैल गाडीमागे चालत आले. वाटेत सारखे कपाळाला हात लावून पाहत होते. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना माई म्हणतो, त्यांनी मला बारा दिवस पेज पाजली. मोहाखालच्या निम्म्या पिशव्या वाळवीने खाल्ल्या. मी शुद्धीवर आल्यावर माफी मागितली तेव्हा नानासाहेब म्हणाले, "वाळवीलाही माती लागतेच की. पडून राहा."

अशा माणसाला मी फसवले.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आता पुढचे सरळ लिहून टाकतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी उपाशी पट्ट्यांची माती चाळताना चाळणीवर मला धानाच्या तणसाच्या काड्या आणि कोंडा दिसला. सागवानाच्या जंगलात तणस आपोआप येत नाही. पट्ट्यांभोवतीचे काटेरी कुंपण सांभाळणे माझे काम होते. मला वाटले गावची गुरे आत शिरली, कुणीतरी त्यांना तिथेच चारा टाकला, आणि ते माझ्या हयगयीने झाले. माझी नेमणूक तात्पुरती होती. लग्न नुकतेच झाले होते. मी काड्या फेकल्या आणि वहीत लिहिले, "पाने, मुळ्या." मनाशी ठरवले की पुन्हा दिसले तर सांगू. पुढच्या वर्षी पुन्हा दिसले, जास्तच दिसले. पण आता सांगायचे तर मागच्या वर्षीचेही सांगावे लागणार होते. मी पुन्हा लिहिले, "पाने, मुळ्या." कुंपण मात्र रोज दोनदा फिरून पाहू लागलो. ते कुठेही तुटलेले नव्हते, आणि त्यामुळे माझी भीती आणखी वाढली.

तिसऱ्या वर्षाचे आकडे नागपूरहून आले ते असे, की उपाशी पट्ट्यांची माती जेवलेल्या पट्ट्यांपेक्षा सकस झाली होती. सोबत एक पत्र होते. पत्र सभ्य होते, पण त्यात विचारले होते की खताची पोती खरोखर पट्ट्यांत पडली का, याचा खुलासा करावा, चौकशीला अधिकारी येत आहेत. चामोर्शीच्या आठवडी बाजारात तर सभ्यपणा पाळायचे कोणाला कारण नव्हते. साहेबांनी खत विकून खाल्ले, असे भाजीच्या दुकानावर माझ्या देखत बोलले गेले. नानासाहेब तेव्हा पंचावन्नला आले होते. चौथे वर्ष पुरे करण्यासाठी त्यांनी नोकरीची मुदतवाढ मागितली होती आणि तो कागद वरच्या टेबलावर होता. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा न जेवता उठताना पाहिले. माईंनी ताट झाकून ठेवले आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पिदुरकर, तुम्हाले काही माहीत आहे का? मले सांगा." मी मान खाली घालून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या ओसरीवर मी त्यांना सांगितले. आधी ठरवलेले सगळे शब्द विसरलो. एवढेच म्हणालो, "नानासाहेब, दोन वर्षांपासून उपाशी पट्ट्यांच्या मातीत तणस निघते आहे. मी लिहिले नाही."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारले, "चारही पट्ट्यांत?"

"चारही."

"सारखं? की एका कोपऱ्यात?"

"सारखं. झाडागणिक."

"मग गुरं नाहीत ती," ते म्हणाले आणि टोपी घेऊन उठले. गुरे झाडागणिक मोजून बसत नाहीत, हे त्यांना एका क्षणात कळले. दोन वर्षे रात्रंदिवस भीत बसलेल्या मला ते सुचले नव्हते.

आम्ही सायकलींनी आमटोल्याला गेलो. उपाशी पट्ट्यात शिरून नानासाहेबांनी एका बुंध्याजवळची पाने हाताने बाजूला केली. खाली कुजलेल्या शेणखताचा पातळ, नीट पसरलेला थर होता. पट्ट्यांचा रखवालदार डोमाजी मडावी आमच्या मागेच उभा होता. वयाने नानासाहेबांच्या बरोबरीचा, शांत माणूस. नानासाहेबांनी विचारले, "डोमाजीभाऊ, हे कोणी टाकलं?"

"मीच टाकलो," डोमाजी म्हणाला. "लपून नाई टाकलो साहेब. दिवसाच टाकलो."

"काऊन?"

डोमाजीला प्रश्नच विचित्र वाटलेला दिसला. "तुमी मले हे पट्टे राखाले ठेवलं. घरात नवं धान आलं का आमी सगळ्यायले घास देतो. बैलाले देतो, कुत्र्याले देतो, देवाले देतो, मंग आमी खातो. तिकडच्या चार पट्ट्यायले तुमी दरसाल जेवू घालून राह्यले. हे चार उपाशी. राखणदार मी, आन मी घरी जाऊन नवं धान खाऊ? माह्यानं पाहवलं नाई. पहिल्या साली वाटलं साहेबायले याद नाई राह्यली. दुसऱ्या सालापासून मीच देल्लं."

"खत कुठून आणलं?"

"माह्याच खड्ड्यातलं. दुसऱ्याचं काऊन आणू?"

"आणि तुमच्या धानाच्या बांदीला?"

डोमाजी पायाने पाने पुन्हा सारखी करू लागला. झोपडीच्या दारातून त्याची बायको राधाबाई म्हणाली, "बांदीले काही उरलंच नाई. धान पातळ झालं दोन्ही साल. मी म्हणून राह्यली होती, घरच्यासाठी ठेवा. आयकलं नाई यायनं."

मला वाटले, आता नानासाहेब संतापतील. तीन वर्षांचे काम, आयुष्यभराची अब्रू, आणि समोर हा माणूस. ते खाली बसले. खिशातून वही काढली आणि विचारू लागले, कोणत्या महिन्यात टाकले, पट्ट्यामागे किती खासरे, खत किती दिवसांचे मुरलेले. डोमाजी आठवून आठवून सांगत होता. दोघेही इतक्या गंभीरपणे बोलत होते की मी तिथे आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. लिहून झाल्यावर नानासाहेब म्हणाले, "डोमाजीभाऊ, चूक माझी. मी तुम्हाला उपाशी ठेवायचं कारण सांगायला पाहिजे होतं." मग त्यांनी त्याला सगळा प्रयोग समजावून सांगितला. डोमाजीने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग आता त्यायले पुन्हा उपाशी ठेवाचं का?" नानासाहेबांना हसू आले. त्या आठवड्यातले ते पहिलेच.

परत येताना त्यांनी सायकल थांबवली. "पिदुरकर, तणसाचं हे तुम्ही अजून कोणाला बोलले?"

मी म्हटले, कोणालाही नाही.

"मग बोलू नका. मार्चमध्ये तुमच्या कायम नेमणुकीचा कागद निघायचा आहे."

मी म्हटले, खुलाशात माझे नाव यायला हवे, नोंद मी दडवली आहे. ते म्हणाले, "खुलासा मी लिहितो. तुम्ही माती चाळा. इथून पुढे चाळणीवरचं सगळं लिहा." एवढे बोलून ते सायकलवर बसले. मी त्यांच्या मागून आलो आणि गप्प राहिलो. गप्प राहण्याचा मला सराव झाला होता.

त्यांचा खुलासा मी पाहिला आहे. डोमाजीने घातलेल्या खताचा तपशील त्यात पूर्ण होता. त्याच्यावर ठपका कुठेही नव्हता. शेवटी एक ओळ होती : "पट्ट्यांच्या मातीतील बाहेरील खताच्या खुणा वेळीच नोंदल्या गेल्या नाहीत. देखरेखीतील ही त्रुटी सर्वस्वी माझी आहे." अधिकारी आले, थर पाहून गेले. खत विकल्याचा संशय मिटला. त्या ओळीवरून मात्र नानासाहेबांच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा बसला आणि मुदतवाढ नाकारली गेली. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. त्याच मार्चमध्ये मी कायम झालो.

त्यानंतर त्यांनी काय केले ते या ग्रंथाच्या वाचकांना ठाऊक आहे. नागपूरचे स्वतःचे घर सोडून ते चामोर्शीतच राहिले आणि कोणाचेही वेतन न घेता आठही पट्ट्यांची मोजणी करत राहिले. बिघडलेला प्रयोग त्यांनी टाकून दिला नाही. डोमाजीच्या चार पट्ट्यांना त्यांनी शेणखताचे पट्टे म्हणून लिहिले आणि काहीच न दिलेले चार नवे पट्टे आखले. त्यांना नाव देताना डोमाजीला विचारले. त्याने "आपलं खाणारे" असे सुचवले आणि वहीत तेच नाव आहे. पोत्यातले खत मिळालेल्या पट्ट्यांची माती वर्षागणिक आंबट होत गेली, शेणखताच्या पट्ट्यांची कस धरून राहिली, आणि आपलं खाणारे पट्टे हळूहळू का होईना वाढत आहेत. आपल्या भागात सागवानाला सरसकट पोती ओतायचा बेत मागे पडला, त्यामागे हे आकडे आहेत. काही वर्षे अजून पाहायला हवे, असे नानासाहेब म्हणतात. अनेकांना ते अतिसावध वाटतात. मला त्यांच्या सावधपणाची किंमत माहीत आहे, कारण मी बेसावध राहिल्याची किंमत त्यांनी दिली.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केले होते. त्यात ज्ञान, साधेपणा, शिस्त सगळे आले, ही गोष्ट आली नाही. नंतरच्या पाच वर्षांत दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. हिवाळ्यात त्यांचा खोकला वाढला की माझा जीव वर-खाली होतो. माई म्हणतात, "तुम्ही काऊन इतके घाबरता, साधा खोकला आहे." त्यांना काय सांगणार? मला भीती असते की शेरा तसाच राहील आणि माणूस निघून जाईल.

म्हणून मंडळाचे पत्र आले त्या दिवशी मी आधी वेगळाच कागद लिहायला घेतला. दोन वर्षांच्या नोंदी मी दडवल्या, नानासाहेबांना त्याची काहीही कल्पना नव्हती, सबब त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा रद्द करून माझ्या सेवापुस्तकात घ्यावा, असा अर्ज मी केला. पाठवण्याआधी पत्नीला वाचून दाखवला. माझ्या नोकरीवर गदा येऊ शकते हे तिला समजते. ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही झोपेत दचकून उठता. पाठवा तो." अर्ज चांद्याहून नागपूरला गेला. तिथून कळले की राज्य बदलून मुंबई राजधानी झाल्यापासून अशी जुनी प्रकरणे मुंबईला जातात. मुंबईहून विचारणा आली आहे की आमटोला नेमके कोणत्या जिल्ह्यात येते.

नानासाहेब, आपण बोलू नका म्हणाला होतात. ती आज्ञा मी मोडली आहे, आणि तीही छापील ग्रंथात. आपण रागवाल हे मला माहीत आहे. तरी ही ओळ मी खोडत नाही.

मुंबईचा कागद फिरून चामोर्शीला यायला किती वर्षे लागतील, कोणी सांगू शकत नाही. नानासाहेबांना तेवढी सगळी वर्षे लाभोत, तीही पायांत आठ मैल चालायचे बळ आणि डोळ्यांत बारीक अक्षर वाचायची दृष्टी ठेवून. तो कागद त्यांच्याच हातात पडावा. तो त्यांनी स्वतः वाचावा, आणि त्यानंतर मला समोर उभे करून चांगले तासभर रागावण्याइतकी ताकद त्यांच्यात असावी.